चमच्याबद्दल कोणी शपथ घेतली नव्हती

सँड फोर्कच्या जमीन कचेरीत शपथेइतकं स्वस्त काही मिळत नसे. कॉफी महाग, खिळे महाग. लाकूड तर इतकं महाग, की लोक माळावरची गवताळ ढेकळं कापून त्यांचीच घरं रचत. शपथ मात्र उजवा हात वर केला की झाली.

कायदा सोपा होता. सरकारी माळावरचा एक तुकडा आपल्या नावावर लिहून घ्या, त्यावर घर बांधा, नांगर घाला, पाच वर्षं तिथं राहा, आणि घर झाल्यावर एकदा व पाच वर्षं भरल्यावर पुन्हा दोन साक्षीदार घेऊन कचेरीत या. साक्षीदारांनी सांगायचं, की हा माणूस खरोखर तिथं राहतो. मग जमीन तुमची. कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं, की हात वर करून खोटं बोलायला माणूस कचरतो. ते नेब्रास्कात कधी आले नव्हते.

मी, डेलिया वायकॉफ, त्या कचेरीत कारकून होते. बाईला कसं ठेवलं म्हणाल, तर माझं अक्षर वळणदार होतं आणि मी पीत नसे. माझ्या आधीच्या कारकुनाचं दोन्ही बाबतीत उलटं होतं. मेजर पिंकहॅम आमचे रजिस्ट्रार. युद्धात त्यांचा डावा कान गेला होता, आणि जो माणूस नको असेल त्याच्याकडे ते नेमकी तीच बाजू करून बसत.

काउंटरच्या अलीकडून मी काय काय पाहिलं! ‘बारा बाय चौदाचं घर आहे,’ असं छातीठोकपणे सांगणारा एक इसम निघाला. त्याचं घर मी स्वतः पाहिलं, ते बारा बाय चौदा इंचांचं होतं, पक्ष्यांच्या खोक्याएवढं. ‘घराला काचेची खिडकी आहे,’ एवढं खरं व्हावं म्हणून एकच तावदान घोंगडीत गुंडाळून गावभर फिरे. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे सायलस ग्रबची झोपडी.

ग्रब हा जमिनीचा दलाल. जाडी बोटं, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. त्यानं एक लाकडी झोपडी चाकांवर चढवली होती आणि ती तो भाड्यानं देई. बैल जुंपायचे, झोपडी हव्या त्या जमिनीवर नेऊन उभी करायची, साक्षीदारांनी खिडकीतून आत डोकावायचं, कचेरीत येऊन ‘घर पाहिलं’ म्हणून शपथ घ्यायची, की झोपडी निघाली पुढच्या गिऱ्हाइकाकडे. प्रत्येकाकडे चार दिवस राहते म्हणून लोक तिला ‘आत्याबाई’ म्हणत. ओढायला हलकी व्हावी म्हणून ग्रबनं तिच्या तळाच्या फळ्यासुद्धा काढून टाकल्या होत्या. आत उभं राहिलं की पायाखाली गवत.

गावाच्या उत्तरेला, गाडीनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर, एका तुकड्यात झरा होता. आसपास दुसरं पाणी नाही. तो तुकडा ज्याच्या हातात, त्याच्याच हातात भोवतालची सगळी चराई, आणि एका गुरंवाल्यानं ग्रबला तो मिळवायला सांगितलं होतं. एका नावावर एकच तुकडा मिळे. ग्रबनं स्वतःचं नाव केव्हाच वापरलं होतं, भावाचं वापरलं होतं, मेव्हण्याचंही. माणूस मिळेना, तेव्हा त्यानं एक बनवला: एनॉस लारबी. एनॉस हे त्याच्या खेचराचं नाव आणि लारबी हे साबणाच्या खोक्यावरचं. ही गोष्ट त्यानं स्वतःच हॉटेलात, तोंडात घास असताना, सगळ्यांना हसून हसून सांगितली.

एनॉस लारबी कचेरीत कधी आला नाही. ‘तब्येत बरी नसते बिचाऱ्याची,’ ग्रब म्हणाला. अर्ज जिल्ह्याच्या कारकुनाकडून आला, सहीच्या जागी फुली. मग आत्याबाई झऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि ग्रबचे नेहमीचे दोन साक्षीदार शपथेला आले. प्रश्न विचारायचं काम माझं.

“घर आहे?”

“आहे. एक दार, एक खिडकी.”

“तळाला काय?”

“फळ्या. चांगल्या जाड.”

“सामान?”

“खाट, टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी चूल, कंदील...” त्यानं ग्रबकडे पाहिलं. “आणि एक पत्र्याची ताटली.”

“माणूस कसा आहे?”

“शांत,” दुसरा म्हणाला आणि दोघंही खोकत खोकत हसले.

हे सगळं मी लिहून घेतलं. झऱ्यावरून परत येताना ओढ्याच्या चढावर आत्याबाईंच्या चाकांचा कणा मोडला. ग्रब आस विकत घ्यायला कंजूष, म्हणून झोपडी ढकलून पुन्हा झऱ्यापाशी ठेवली आणि तिथंच राहू दिली. त्या दिवसापासून ती कोणाकडे गेली नाही.

पुढच्या वसंतात मिनेसोटाकडून मोएन नवरा-बायको बैलगाडीनं आले. नॉर्वेची माणसं. मोजणीवाल्यांनी कोपऱ्यावर हद्दीच्या खुणेसाठी केलेला मातीचा उंचवटा तोवर पावसानं आणि गुरांनी बसला होता, त्यामुळे टोर्गेर मोएननं आपला म्हणून जो तुकडा धरला तो शेजारचा निघाला. लारबीचा. त्यांनी टेकडीच्या पोटात घर खोदलं, समोर मका लावला, आणि हिवाळ्याच्या तोंडावर टोर्गेर छातीत कफ होऊन गेला. त्याला झऱ्याच्या वरच्या अंगाला पुरलं. जमीन आपली नाही हे त्याच्या बायकोला, गुनहिल्डला, त्यानंतर कळलं.

उंच बाई, हाडं रुंद, डोक्याला काळा रुमाल. कचेरीत आली ती सरळ मेजरांच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

“माझा माणूस त्या जमिनीत आहे,” ती म्हणाली. “दुसरी जमीन दाखवू नका. गुरंवाल्याला दिलीत तर तो तिथं गुरं घालील. त्याच्या अंगावर गुरं चालतील. मला तीच हवी.”

मेजरांनी मिशीवरून हात फिरवला. “सोपं आहे, बाई. लारबीनं जमीन टाकून दिली, सहा महिन्यांत तिथं पाऊल ठेवलं नाही, एवढी शपथ घ्या. पेडरला बरोबर आणलंय ना? त्यानंही घ्यावी. त्याचं नाव खोडू आणि तुमचं लिहू.”

पेडर हा तिच्या पलीकडचा शेजारी. त्यानं टोपी छातीशी धरली आणि खाली पाहिलं.

“तशी शपथ नाही घेता येणार,” गुनहिल्ड म्हणाली.

“का?”

“तो राहतो तिथं.”

“कोण?”

“लारबी.”

मी टाक खाली ठेवला. मेजर खुर्चीत पुढे सरकले. “अहो बाई, लारबी नावाचा माणूसच नाही! सगळ्या गावाला माहीत आहे. ते ग्रबचं खेचर आहे, खेचर आणि साबण!”

“मग दिवा कोण लावतं?”

मग तिनंच सांगितलं. दिवस मावळला की झोपडीच्या खिडकीत उजेड येतो. सकाळी धुराड्यातून धूर निघतो. झऱ्याच्या काठचं गवत कोणीतरी पाणी भरून गेल्यासारखं दबलेलं असतं. बर्फ पडलं, तेव्हा टोर्गेरच्या थडग्यावरचं बर्फ तिच्या आधी कोणीतरी काढलेलं होतं, आणि आसपास पाऊल एकही नव्हतं.

“दार वाजवलंत?”

“वाजवलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाहेर कोणी आलं नाही. लाजरा आहे, म्हटलं.”

“पेडर, तू पाहिलंस?”

“पाहिलं, मेजर. बायकोनं पण. आता आम्ही त्या बाजूची झडप लावून घेतो.”

इतका वेळ मागच्या बाकावर बसलेला ग्रब मांड्या थोपटत हसला. “ऐकलंत, मेजर? माझ्या अशिलाला दोन नवे साक्षीदार मिळाले, तेही फुकटात! नॉर्वेचे! ही माणसं खोटं बोलत नाहीत, तुम्हीच म्हणता!”

पण मी त्याच्याकडे पाहत होते. हसता हसता त्यानं पेपरमिंटची गोळी अख्खीच गिळली.

मेजरांनी त्याच्याकडे डावी बाजू केली. “बाई, शपथ राहू द्या. तक्रार तेवढी द्या, मी सुनावणी लावतो. लारबीला बोलावणं पाठवू, वर्तमानपत्रात छापू. त्या दिवशी दारातून तीनदा नाव पुकारायचं. आला नाही तर जमीन मोकळी. झालं?”

“आणि आला तर?”

मेजर हसले नाहीत. “आला तर जमीन त्याची.”

सुनावणीच्या आधी जागा पाहून यायला मेजर निघाले, आणि लिहायला कोणीतरी हवं म्हणून मलाही घोडागाडीत बसवलं. तिसऱ्या प्रहरी पोचलो. गुनहिल्डनं कॉफी दिली, बटाट्याची पातळ पोळी दिली. तिच्या त्या खोदलेल्या घराची जमीन झाडून गुळगुळीत केलेली होती. तिनं काही विचारलं नाही. आम्ही निघालो तेव्हा शालीत हात गुंडाळून मागोमाग आली आणि थडग्यापाशी थांबली.

झोपडीचं दार लोटलेलं होतं. मेजरांनी ते काठीनं उघडलं.

आम्ही फळ्यांवर उभे होतो. चांगल्या जाड फळ्या.

मेजरांनी टाचेनं एकदा ठोकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती झोपडी त्यांनीही गावातून जाताना कितीदा पाहिली होती. मी मुकाट मोजदाद केली. तो माझा स्वभावच आहे. खाट होती. टेबल होतं. दोन खुर्च्या. लोखंडी चूल, वर हात धरला तर कोमट. कंदील. टेबलावर पत्र्याची ताटली, घासून ठेवलेली. आणि बस्स. खाटेवर पांघरूण नव्हतं. बादली नव्हती, जोडा नव्हता, खुंटीवर कोट नव्हता, पिठाची पिशवी नव्हती. चुलीत राख होती, पण सरपण नव्हतं. ताटली होती, चमचा नव्हता. कसा असेल? चमच्याबद्दल कोणी शपथ घेतली नव्हती.

तेव्हा माझ्या मणक्यातून जे सरकलं, ते भूत पाहिल्याचं भय नव्हतं. भूत मेलेल्या माणसाचं असतं. इथं कोणी मेलंच नव्हतं. दोन दारुड्यांनी जेवढं तोंडातून काढलं आणि मी जेवढं वळणदार अक्षरात लिहिलं, तेवढंच इथं कोणीतरी राहायला आलं होतं. उघड्या खाटेवर निजत होतं. रिकामी ताटली घासत होतं.

“शांत,” मी म्हणाले.

“काय?”

“साक्षीदार म्हणाला होता, माणूस शांत आहे.”

मेजरांनी टोपी काढली. कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाहेर आलो तर उन्हं उतरली होती. गाडीत बसताना मी मागे वळून पाहिलं नाही. पण घोड्यांच्या पाठीवर एकाएकी पिवळसर उजेड पडला, खिडकीच्या आकाराचा, आणि गाडी ओढा उतरेपर्यंत तो तसाच पडून होता.

सुनावणीला अर्धं गाव लोटलं. भर सकाळ, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर घोड्यांची फुरफुर. गुनहिल्ड पुढच्या बाकावर, शेजारी पेडर. ग्रब आला तो एक लांबुडका इसम घेऊन. रेल्वेच्या कामावरून हाकललेला असावा, अंगावर ग्रबचाच जुना कोट.

“माझे अशील,” ग्रब म्हणाला. त्याचा रंग उतरला होता. मागाहून कळलं, की त्या इसमाला आदल्या दिवशी झोपडीत राहायला सोडलं होतं आणि तो दिवेलागणीलाच धावत परत आला होता. ग्रबनं पैसे वाढवून त्याला इथवर आणलं.

“नाव पुकारल्यावर बोला,” मेजर म्हणाले आणि स्वतः दारात जाऊन उभे राहिले. “एनॉस लारबी!”

लांबुडक्यानं ओठ चाटले. ग्रबनं त्याला कोपरानं ढोसलं.

“एनॉस लारबी!”

“बोल की, मेल्या,” ग्रब पुटपुटला.

“तुम्ही बोला,” लांबुडका म्हणाला. “मी रात्रभर विचार केलाय. ते नाव आधीच कोणीतरी घेतलेलं आहे.”

“एनॉस लारबी!” मेजरांनी तिसऱ्यांदा हाक दिली.

“हजर.”

आवाज दारातून आला. मेजरांच्या डाव्या अंगाकडून, जिथं पायरी आहे तिथून. म्हातारा नाही, तरणा नाही. रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. पायरीवर ऊन पडलं होतं आणि उन्हात कोणी नव्हतं. फक्त पायरीची सैल फळी, जी माणूस चढला की करकरते, ती करकरली.

लांबुडका मागच्या खिडकीतून गेला. कोट तिथंच राहिला. बाकीचे जागच्या जागी बसून राहिले. अशा वेळी उठायचं असतं हे माणसाला सुचत नाही.

“मला काही ऐकू आलं नाही!” ग्रब ओरडला. “कोणाला ऐकू आलं? मेजर, तुम्हाला तर त्या बाजूला कानच नाही!”

“मला त्याच बाजूनं ऐकू आलं,” मेजर म्हणाले. ते पांढरे पडले होते, पण आवाज कचेरीतलाच होता. “लिहा, वायकॉफबाई. जमीनधारक जातीनं हजर.”

मी लिहिलं. लिहिताना गुनहिल्डकडे पाहवेना. तो आला होता. मेजर म्हणाले होते, आला तर जमीन त्याची.

मेजरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. घर आहे? “एक दार, एक खिडकी.” सामान? “खाट, टेबल, दोन खुर्च्या...” साक्षीतले शब्द, त्याच क्रमानं. शेवटी किंचित थांबून, जिथं साक्षीदार थांबला होता तिथंच, “आणि एक पत्र्याची ताटली.” जन्म कुठला? काही नाही. आईचं नाव? काही नाही. बाहेर एक घोडा खूर आपटत राहिला.

ग्रबला तेवढ्यात धीर आला. लोभ ही मोठी हिंमत देणारी वस्तू आहे. “पाहिलंत? राहतो म्हणतोय! जमीन त्याची, आणि मी त्याचा वकील!”

तेव्हा गुनहिल्ड उठली. सावकाश दारापर्यंत गेली आणि पायरीसमोर अशी उभी राहिली, जशी शेजारणी कुंपणापाशी उभ्या राहतात.

“लारबी,” ती म्हणाली, “तुम्ही राहता हे मी नाकारलं नाही. कधीच नाकारलं नाही. माझ्या माणसावरचं बर्फ तुम्ही काढलंत, त्याबद्दल बोलायचं राहून गेलं होतं. दार उघडलं असतंत तर तेव्हाच बोलले असते.”

ती एक पाऊल पुढे सरकली.

“हा ग्रब तुमच्या नावानं जमीन घेऊन गुरंवाल्याला देणार. तो टोर्गेरवर गुरं घालील. तुमची झोपडी जाळील, नाहीतर पुन्हा चाकांवर घालील. तुम्ही तुकडा सोडता का? माझ्यासाठी?”

फळी करकरली. मग जो आवाज आला त्यातले शब्द कोणत्याही साक्षीत नव्हते. मी शपथेवर सांगते, आणि माझी शपथ स्वस्तातली नाही.

“कुठं जाऊ?”

बाकावरची एक बाई रडायला लागली. गुनहिल्डचा चेहरा हलला, पण आवाज नाही.

“जायला कोण सांगतंय?” ती म्हणाली. “जमीन माझ्या नावावर होऊ दे. तुम्ही आहात तिथंच राहा. मला शेजार हवाच आहे.”

मग, अगदी खालच्या पट्टीत: “सोडली.”

मेजरांनी माझ्या हातून कागद घेतला, टाक घेतला, आणि दोन्ही उंबऱ्यावर ठेवून मागे सरले. “फुली करा,” ते म्हणाले. आम्ही सगळे आपापल्या जोड्यांकडे पाहू लागलो. टाकाची कुरकुर झाली. मान वर केली तेव्हा कागदावर ओली फुली होती, उजवा पाय थोडा आखूड. अर्जावर होती तशीच. आणि ग्रब आपल्या उजव्या हाताकडे असा पाहत होता, जणू तो दुसऱ्याचा असावा. बोटाला शाई नव्हती. त्यानं ती तरीही कोटाला पुसली.

“हे चालणार नाही,” तो कसाबसा म्हणाला. “ही फसवणूक आहे. मेजर, लारबी नावाचा माणूसच—”

“बोला, बोला.” मेजरांनी पवित्र ग्रंथ त्याच्यापुढे सरकवला, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे धडका कान केला. “उजवा हात वर करा आणि सांगा, की लारबी नावाचा माणूस नाही. वायकॉफबाई लिहून घेतील. मग त्याचा अर्ज कोणी केला, त्याचे साक्षीदार कोणी आणले, तेही ओघानं लिहितील. तुरुंगाचं घर पक्कं आहे, ग्रब. तळाला फळ्यासुद्धा आहेत.”

ग्रबनं हात वर केला नाही. त्या उन्हाळ्यातच तो आणखी पश्चिमेला निघून गेला. हाकेला ओ देणारे आणखी किती जण त्यानं आमच्या जमीनवहीत ठेवले आहेत, ते त्यालाच ठाऊक. संध्याकाळी कचेरीच्या झडपा लावताना मला दूर माळावर दिवे दिसतात. कुठल्या तुकड्यावर कोण राहतं हे मला पाठ आहे. त्यातले काही दिवे, जिथं कोणी नाही तिथं असतात. ते मी मोजत नाही.

पाच वर्षं पुरी झाल्यावर गुनहिल्ड मोएन पेडर आणि त्याच्या बायकोला घेऊन साक्षीला आली. घर आहे? आहे. नांगरट? मका, गहू, बटाटे. थडग्याभोवती कुंपण घातलं होतं, तेही तिनं लिहवून घेतलं. मग मी छापील प्रश्न वाचला: या जमिनीवर दुसरं कोणी राहतं का?

मेजरांनी खिडकीबाहेर पाहिलं. नाही म्हणाली असती तर काम एका ओळीत संपलं असतं.

“राहतो एक शेजारी,” गुनहिल्ड म्हणाली. “त्याचा काही त्रास नाही.”

“बरा आहे तो?” मेजरांनी बाहेरच पाहत विचारलं.

“पांघरूण दिलंय. पहिल्या हिवाळ्यात चमचाही दिला.” तिनं रुमालाची गाठ नीट केली. “आता खिडकीवर ताटली ठेवतो रोज संध्याकाळी. मी वाढते. सकाळी घासलेली असते. हल्ली ताटलीच्या कडेला चमचा आडवा ठेवायला लागलाय. आमच्याकडे तसा ठेवला की मीठ हवंय असं समजतात.”

पेडरनं मान डोलावली. मी ते सगळं लिहिलं, मिठासकट.